मॉनिटरवर सूनबाई

आमच्या घरात गाता न येणारी मी एकटीच, म्हणून आवाजाची सगळी जबाबदारी माझ्यावर आली.

यात तर्क शोधू नका. आमच्या घरातले निर्णय तर्कानं होत नाहीत, मामंजींच्या आवाजानं होतात. मामंजी म्हणजे माझे सासरे. उभा जन्म रेल्वेत गेला आणि निवृत्त झाले त्या दिवशी घरी येऊन गळ्यातला हार काढायच्या आधी त्यांनी पेटी काढली. आई, म्हणजे सासूबाई, मंजिऱ्या वाजवतात आणि सोबत गातात. आमचे हे तबल्यावर, धाकटे दीर राजू कीबोर्डवर. वर्ध्याहून लग्न होऊन मी या गंधर्वलोकात आले आणि पहिल्याच गुरुवारी भजनात मनापासून सूर मिसळला. मामंजींनी पेटी थांबवली, खिडकीबाहेर पाहिलं आणि विचारलं, "कोणाची म्हैस सुटली रे?"

तेव्हापासून तालमीच्या वेळी माझ्याकडे फक्त पोहे होते.

मग आमचं रायपूर नव्या राज्याची राजधानी झालं. शंकर नगरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी बसणारा शिंपी बघता बघता 'राजधानी टेलर्स' झाला (शिवण तीच, एक बाही लांब आणि एक आखूड!). भोपाळहून साहेब लोक आले, त्यांच्या गाड्या आल्या, गाड्यांवरचे दिवे आले. आणि ज्याच्या घरी पेटी होती तो प्रत्येक माणूस 'ऑर्केस्ट्रा' झाला. मामंजी मागे कसे राहतील? त्यांनी नव्या राज्यावर स्वतः गाणं लिहिलं, स्वतः चाल दिली, आणि महिनाभर आमच्या बैठकीत त्याची तालीम चालली. पोहे परतता परतता मला ते गाणं इतकं पाठ झालं की भाजीवाल्याशी घासाघीस करतानाही ओठांवर तेच यायचं.

गाणं चांगलं होतं. अडचण एकच होती, मामंजींचा डावा कान. त्या कानानं त्यांना जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं. हे घरात सगळ्यांना माहीत होतं, मामंजी सोडून. त्यांचं म्हणणं, "तुम्ही लोक तोंडातल्या तोंडात काहून बोलता?" त्यामुळे आम्ही सगळे त्यांच्याशी ओरडून बोलायचो आणि ते त्याहून मोठ्यानं उत्तर द्यायचे. शेजाऱ्यांना वाटायचं आमच्याकडे रोज भांडण होतं. (रोज नाही व्हायचं. एक दिवसाआड व्हायचं.)

गणपतीत मंडळाच्या कार्यक्रमात हे गाणं ठरलं. राज्याच्या वर्धापनदिनाच्या सोहळ्यासाठी कलाकार निवडायला एक मोठे साहेब येणार, अशी बातमी आली आणि मामंजींनी चहातली साखर बंद केली. गळ्याला चांगलं म्हणे! मंडळानंही हात सैल सोडला. नेहमीचे दोन भोंगे जाऊन पंडरी बाजारातल्या साहू भैयाचा ट्रकभर साउंड आला.

त्या ट्रकातून आमच्या आयुष्यात पहिल्यांदा मॉनिटर उतरले. मॉनिटर म्हणजे गाणाऱ्याच्या पायाशी, त्याच्याकडेच तोंड करून ठेवलेला तिरका काळा स्पीकर. मोठे स्पीकर लोकांसाठी, हे कलाकारांसाठी. कोणाच्या मॉनिटरमध्ये कोणाचा आवाज किती सोडायचा, हे ठरवायला स्टेजच्या बाजूला वेगळी मशीन. ती चालवणारा साहू भैयाचा माणूस अभनपूरच्या गणपतीत अडकला होता आणि साहू भैया स्वतः मैदानाच्या मध्यात, मोठ्या मशीनवर.

"घर का कोई आदमी बैठ जाए," तो म्हणाला. "जो गाता-बजाता न हो."

चार माना माझ्याकडे वळल्या.

साहू भैयानं मला खुर्चीवर बसवलं आणि प्रत्येक मॉनिटरच्या चार चार गोल खुंट्या दाखवल्या. वर पट्ट्या चिकटवून लिहिलं होतं, 'अंकल', 'आंटी', 'तबला', 'छोटे भैया'. मी पदर खोचला. माझ्या मनात, खरं सांगते, विमान चालवण्याची भावना होती.

"सूनबाई, मले माझा आवाज ऐकू नाही येऊन राहिला!" मामंजी.

मी वाढवला.

"वर्षा, मले यांचाच आवाज येऊन राहिला! माझा कुठी गेला?" आई.

त्यांचाही वाढवला.

"अगं, तबला आहे का त्याच्यात, की नुसतं मायबापाचंच?" हे.

"भाभी, मेरा कीबोर्ड है भी कि नहीं?" हे राजू. (तो मराठीत ऐकतो आणि हिंदीत उत्तर देतो.)

मी उदार मनानं सगळ्यांचं सगळं वाढवलं. आणि मग 'कुंईईई' असा आवाज निघाला की मंडपामागं झोपलेली कुत्री उठून पळाली, आरतीची तयारी करणाऱ्या गुरुजींच्या हातून तबक पडलं, आणि साहू भैया मैदान ओलांडून धावत आला.

"मैडम! सबका बढ़ाओगे तो सीटी ही बजेगी. एक का बढ़ाना है तो दूसरे का घटाओ!"

अरेच्चा! हे तर मला सासरी आल्याच्या पहिल्याच वर्षी कळलं होतं. मी लगेच मामंजींच्या मॉनिटरमधून आई कमी केल्या, आईंच्या मॉनिटरमधून मामंजी कमी केले, यांच्या मॉनिटरमध्ये तबला ठेवून बाकी सगळं कमी केलं आणि राजूला एकट्या राजूशी सोडून दिलं. पाच मिनिटांत चौघंही खूश! प्रत्येकाला वाटलं आपणच गाऊन राहिलो आणि बाकीचे साथ देऊन राहिले.

"सूनबाई," मामंजी स्टेजवरून गरजले, "जमलं तुले!"

इतक्या वर्षांत पोह्यांव्यतिरिक्त मिळालेली ही पहिली दाद. मी फुगले. आणि माणूस फुगला की कान बंद होतात, त्यामुळे साहू भैयानं जाता जाता जे शेवटचं सांगितलं ते मी अर्धंच ऐकलं. मशीनवर बगळ्याच्या मानेसारखा एक छोटा माइक होता. "ये बटन दबा के बोलोगे तो स्टेज पे सबको सुनाई देगा. पब्लिक को नहीं. काम हो गया कि..." पुढचं वाक्य हवेत गेलं.

संध्याकाळी मैदान भरलं. साहेब आले, पहिल्या रांगेतल्या सोफ्यावर बसले. माझ्याजवळ शेजारची शोभा चिवड्याचा डबा घेऊन येऊन बसली. पडदा उघडायच्या आधी मी रुबाबात बटण दाबलं आणि त्या माइकवर म्हटलं, "आई, मामंजी, सगळं तयार आहे. घाबरू नका, मी आहे!"

आणि बोट उचललं. बोट उचललं म्हणजे बटणही उठलं, असं मी समजले. ते बटण मात्र सरकारी खात्यातलं असावं. एकदा बसलं की आपणहून उठत नव्हतं. बाजूला छोटा लाल दिवा लागला होता. तो मी पाहिलाही. पण गणपतीत लाल दिवे काय, सगळीकडेच असतात!

वंदना सुरू झाली. मी एका कानाला हेडफोन लावलेला, पाठीमागं जनरेटर धडधडत असलेला, त्यामुळे शोभाशी जरा मोठ्यानंच बोलणं भाग होतं.

"वर्षा, तुझ्या सासूबाईंची साडी काय भारी दिसून राहिली!" शोभा म्हणाली. "भावानं नागपूरहून पाठवली म्हणे?"

"कायची नागपूरची! पंडरीतून आणली, माझ्यासमोर. त्यांनी इतका भाव पाडला, इतका पाडला की दुकानदारानं हात जोडले. 'माताजी, साड़ी ले जाओ, पर अब जाओ!'"

स्टेजवर आईंच्या मंजिऱ्यांचा एक ठोका चुकला. त्यांनी पदर सावरला, माझ्याकडे डोळे मोठे केले आणि कानाकडे बोट दाखवलं.

"बघ, त्यांना ऐकू येत नाही वाटतं," मी म्हटलं आणि आईंचा मॉनिटर चांगला दोन घरं वाढवला. म्हणजे आता माझा आवाज त्यांना आणखी स्वच्छ जाऊ लागला! त्यांनी पुन्हा कानाकडे बोट दाखवलं. मी पुन्हा वाढवला. सेवेत कसर नको.

"बाप्पा, तबला काहून एवढा पळून राहिला?" शोभा.

"ऑफिस सुटलं की हे घराकडं पळतात ना, तसाच. आणि केस बघ यांचे, कसे चमकून राहिले. काल दुपारी मीच रंगवले. उशीचा अभ्रा अजून काळा आहे!"

यांचा डावा हात तबल्यावरून उठला आणि हवेत खालीवर होऊ लागला. हळू, हळू, गप्प, असं काहीतरी. मला वाटलं कीबोर्ड फार होतोय, कमी कर म्हणताहेत. मी यांच्या मॉनिटरमधून कीबोर्ड काढला. हात आणखी जोरात हलला. मग मी राजूच्याही मॉनिटरमधून काढला. बिचारा राजू वाजवतोय आणि त्याला काहीच ऐकू येत नाही! तो वायरी ओढून बघायला लागला.

"तुझा दीर काय करून राहिला आता?"

"सांगतो की कॉम्प्युटर क्लासला जातो. तो क्लास कधीचाच बंद पडला! मुलींच्या कॉलेजसमोर रसाच्या दुकानात बसलेला असतो. घरी येतो तेव्हा शर्टाला लिंबाचा वास!"

वंदनेची शेवटची ओळ गाता गाता मामंजींची मान हळूहळू राजूकडे वळली. गाणं देवाचं, सूर भक्तीचा, आणि डोळे असे की समोर उभा असता तर राजूची राख झाली असती. राजूचं बोट घसरून भलत्याच बटणावर पडलं आणि कीबोर्डमधून घोड्यांच्या टापा निघाल्या! या मात्र लोकांना ऐकू आल्या. मैदानात टाळ्या पडल्या. सोफ्यावरचे साहेब पुढे सरकून बसले.

"पाहिलं?" मी अभिमानानं शोभाला म्हटलं. "आमच्याकडे नुसतं गाणं नसते. भाव असतात!"

आणि मग मामंजींनी ते गाणं सुरू केलं.

महानदीच्या काठावरती धान पिवळं डुलतं,
नव्या घराच्या दारापुढं तोरण हिरवं झुलतं.

पहिलं कडवं छान झालं. माझा ऊर भरून आला. चिवड्याचा एक बकाणा भरून मी ऐकत होते, तेवढ्यात शोभा म्हणाली, "तुझे सासरे मान तिरपी करून काहून गाऊन राहिले?"

"अगं, डाव्या कानानं त्यांना ऐकूच येत नाही! घरात सगळ्यांना माहीत आहे, पण बोलायचं कोणी? आम्ही सगळे आपले ओरडत राहतो. आणि बघ, मॉनिटर ठेवलाय नेमका डाव्या हाताला!"

गाणं थांबलं.

पेटीवर एकच सूर धरलेला राहिला, जनरेटरसारखा. हे ठेका देत राहिले, आई मंजिऱ्या वाजवत राहिल्या, पण दुसरं कडवं येईना. राजू कीबोर्ड सोडून उभा राहिला आणि बोंबलला, "भाभी! बटन! लाल बत्ती!"

मी दिव्याकडे पाहिलं. दिव्यानं माझ्याकडे पाहिलं.

साडी. अभ्रा. लिंबाचा वास. कान. मी बोललेलं एकेक वाक्य माझ्या डोळ्यांपुढून मालगाडीच्या डब्यासारखं गेलं. चिवडा घशात अडकला. वळून पाहिलं तर शोभा डब्यासकट नाहीशी झालेली! (मैत्री म्हणतात ती हीच.)

बटण उठवायला बोट पुढं केलं आणि माझं लक्ष मामंजींकडे गेलं. ते माझ्याकडेच पाहत होते. रागानं पाहत असते तर मी तिथून तडक वर्ध्याची गाडी धरली असती. पण राग नव्हता. ज्या माणसाच्या आवाजानं आमचं घर चालायचं, त्याच्या तोंडून शब्द नाहीसे झाले होते आणि भरल्या मैदानात तो माणूस ते शब्द शोधत होता. स्वतः लिहिलेले, महिनाभर घोकलेले. ते मी घालवले होते आणि त्या स्टेजवर दुसऱ्या कोणालाही ते पाठ नव्हते (आई त्यांच्या मागून शेवटचे शब्द तेवढे उचलायच्या). पाठ होते फक्त मला.

मी बोट मागं घेतलं. माइकवर वाकले आणि किराण्याची यादी वाचावी तशा सपाट आवाजात म्हटलं, "कोणी आलं रुळांवरनं, कोणी घोड्यावरनं आलं."

मामंजी तसेच. अर्थातच! मघाशी ओरडून बोलत होते तेव्हा पोचत होतं, आता हळू बोलले आणि समोर डावा कान!

"राजू भाऊजी! मामंजींचा मॉनिटर पायानं उजवीकडं ढकला! आत्ता!"

राजूनं ढकलला. बिनातक्रार! मी त्यात तबला आणि आईही वाढवल्या.

"अहो, ठेका सोडू नका आणि पळू नका! आई, मंजिऱ्या हळू! मामंजी, इकडं ऐका. कोणी आलं रुळांवरनं, कोणी घोड्यावरनं आलं. भात वाढून या मातीनं ज्याले त्याले आपलं केलं."

त्यांच्या चेहऱ्यावर काय झालं ते मला अजून दिसतं. आधी भुवया वर गेल्या. मग तिरपी मान सरळ झाली. मग त्यांनी उजवीकडच्या स्पीकरकडे असं पाहिलं, जसं फलाटावर उतरून बऱ्याच वेळानं ओळखीचं माणूस दिसावं. आणि गायले.

ओरडले नाहीत, गायले! यांचा तबला त्यांना ऐकू येत होता, आईंचा आवाज ऐकू येत होता, म्हणून पहिल्यांदाच ते कोणाच्या पुढे धावत नव्हते की कोणावर चढत नव्हते. आईंनी चमकून त्यांच्याकडे पाहिलं आणि दोघांचा आवाज एकात एक मिसळला. ज्याले त्याले आपलं केलं! आमचे म्हातारे मराठी लोक, ज्यांचे वाडवडील असेच कधी रुळांवरनं, कधी घोड्यावरनं इथं आलेले, खुर्च्यांवरून उठले. मागं भजी तळणाऱ्यानं झारा वर धरून "हव! हव!" अशी दाद दिली. ती ओळ लोकांनी पुन्हा गायला लावली, मग आणखी एकदा. दर वेळी मामंजी माझ्याकडे बघायचे आणि मी माइकवर शब्द द्यायचे. आता त्यांना सगळे आठवत होते, तरी बघायचे!

मी तर सुटलेच होते. "राजू भाऊजी, आता वाजवा. आई, हसा थोडं. अहो, शेवट आला, तिहाई!" चौघंही मी सांगेन ते करत होते. सासरी आल्यापासून असा दिवस मी पाहिला नव्हता. कोणत्या सुनेनं पाहिलाय?

कार्यक्रम संपला आणि मग आठवलं की आता स्टेजच्या मागं जायचंय.

चौघं ओळीत उभे. आधी आई आल्या. "साडी पंडरीची आहे हे शोभाले सांगायची काय गरज होती?" मी मान खाली घातली. मग त्या जवळ सरकून कानात म्हणाल्या, "पण कानाचं बरं केलं. मले जन्मात बोलता नाही आलं."

यांनी फक्त केसांवरून हात फिरवला आणि हात पाहिला.

"भाभी," राजू म्हणाला, "आपने तो मेरी ज़िंदगी बर्बाद कर दी."

मामंजी शेवटी आले. म्हणाले, "सूनबाई, तो स्पीकर पुढच्या टायमालेही उजवीकडंच ठेवजो." मग आवाज उतरवून, "आणि उद्या त्या कानाच्या डॉक्टरकडे मले तू नेजो. हे लोक नकोत. हे ओरडतात."

मला रडू येणार एवढ्यात साहेबच मागं आले. हात पसरून, डोळे चमकवत. "वाह! मराठी तो मुझे आती नहीं, लेकिन क्या अभिनय! वो माताजी का चौंकना, वो तबले वाले का घबराना, बाबूजी की वो आँखें! ऐसे भाव मैंने आज तक नहीं देखे. बड़े समारोह में आप लोग आ रहे हैं. और यही भाव चाहिए, हूबहू!"

म्हणजे आमची निवड झाली, ती माझ्या चहाड्यांवर!

आम्ही गेलो. केवढं स्टेज, केवढे दिवे, पुढं मोठमोठे लोक. मामंजींचा मॉनिटर उजवीकडं आणि मशीनवर मी. निघतानाच मामंजींनी बजावलं होतं, "सूनबाई, बोलायचं. मोकळेपणानं बोलायचं. घराण्याचा प्रश्न आहे."

वंदना सुरू झाली. चौघंही चोरून माझ्याकडे बघू लागले. मी बटण दाबलं, माइकजवळ तोंड नेलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला बोलायला काही सुचेना! कोणाची साडी नाही, कोणाचे केस नाहीत, डोकं स्वच्छ धुतलेल्या पातेल्यासारखं. साहेब वाट बघताहेत, घराणं वाट बघतंय. शेवटी जे पहिलं मनात आलं तेच तोंडून बाहेर पडलं.

"अहो, निघताना दुधाखालचा गॅस बंद केला होता का मी?"

चार चेहऱ्यांवर असे काही भाव उमटले की अख्खं मैदान टाळ्यांनी दणाणून गेलं. साहेब तर उभेच राहिले. सगळ्यांना वाटलं, काय अभिनय करून राहिले हे लोक! घरच्यांना वाटलं, काय वेळेवर सुचलं सूनबाईंना!

मला मात्र खरंच आठवत नव्हतं.